आपल्या शिवारातील रस्ता आणि त्याचा क्रमांक

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे रस्ते हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. मी कृषिविद्या शिकवतो. एरवी अशा मेळाव्यात माझ्या वाट्याला रब्बी ज्वारीची पेरणी, आंतरमशागत नाहीतर तणनियंत्रण यांपैकी काहीतरी येते. पण गेल्या तीन-चार वर्षांत शेतकऱ्यांच्या बांधावर जाताना एक गोष्ट वारंवार दिसली. पिकाचे प्रश्न विचारून झाले, चहा झाला, की गाडीपाशी निरोप घेताना शेतकरी हळूच रस्त्याचा विषय काढतो. रस्ता मोठा होणार म्हणतात, आपली किती जमीन जाईल? रस्त्याकडेला कांदाचाळ बांधली तर चालेल का? खड्डे बुजवायला अर्ज कुणाकडे करायचा? यावर मी उलट विचारतो, रस्त्याचा क्रमांक काय? त्याचे उत्तर मात्र सहसा मिळत नाही.

आज सकाळीही मी मांडवात काही जणांना विचारले, आपण कोणत्या रस्त्याने आलात? कोणी सांगितले पाथर्डी रस्ता, कोणी कारखान्याचा रस्ता, एका आजोबांनी तर 'दुष्काळी रस्ता' असे सांगितले. ही नावे खोटी नाहीत. आपल्या रोजच्या वापराला ती पुरतात. अडचण अशी, की एकाच रस्त्याला प्रत्येक गाव वेगळ्या नावाने ओळखते. अहिल्यानगर शहराच्या पश्चिमेला ज्याला आपण कल्याण रस्ता म्हणतो, तोच शहराच्या पूर्वेला पाथर्डी रस्ता होतो आणि पाथर्डीत गेले की त्याला नगर रस्ता म्हणतात. सरकारदरबारी मात्र हा सगळा एकच रस्ता आहे, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 61. शासनाचा कागद येतो तो या क्रमांकाने येतो. आपल्या नावाने येत नाही.

क्रमांक माहीत नसल्याने काय होते, त्याचा एक प्रसंग सांगतो. गावाचे आणि माणसाचे नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एक डाळिंब बागायतदार माझ्याकडे आले. बाग उत्तम, झाडे ऐन भरात. त्यांना माझ्याकडून झाडांचे वय आणि उत्पन्न यांचा दाखला हवा होता. चौकशी केली तेव्हा कळले, की रस्ता रुंदीकरणात बागेच्या कडेच्या चार ओळी आणि विहीर जात होती. संयुक्त मोजणी होऊन गेली होती. मोजणीच्या दिवशी हे लग्नकार्यासाठी परगावी होते आणि कागदावर विहिरीची नोंदच झाली नव्हती. झाडांची संख्या होती, पण वय कमी धरलेले. मी विचारले, आधी वर्तमानपत्रात अधिसूचना आली असेल, तेव्हा हरकत का घेतली नाही? ते म्हणाले, "साहेब, पेपर घरी येतो. ती जाहिरात मी पाहिलीसुद्धा. पण त्यात कुठल्या तरी राष्ट्रीय महामार्गाचा नंबर होता. आमचा रस्ता स्टेटचा. मला वाटलं दुसरीकडचं असेल." त्यांचा रस्ता राज्य महामार्ग होता हे खरे, पण दोन वर्षांपूर्वीच तो राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित होऊन त्याला नवा क्रमांक मिळाला होता. गावात ही गोष्ट कोणालाही माहीत नव्हती. पाटीही बदललेली नव्हती. दाखला देण्याचा मला अधिकार नव्हता. मी त्यांना कृषी विभागाकडे आणि भूसंपादन अधिकाऱ्यांकडे पाठवले. विहिरीची नोंद पुढे झाली, पण त्यासाठी त्यांना दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले आणि त्या दीड वर्षात बागेकडे दुर्लक्ष होऊन तेल्याने उरलेली झाडेही खराब केली. हा विषय मी हाती घेतला तो त्या दिवसापासून.

क्रमांक आले कोठून

रस्त्यांची वर्गवारी ही अलीकडची गोष्ट नाही. मोटारी वाढू लागल्या तेव्हा रस्त्यांचा विचार करण्यासाठी 1927 साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, ही या समितीची शिफारस. त्यातून 1929 साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि 1934 साली अभियंत्यांची भारतीय रस्ते परिषद स्थापन झाली. आजही रस्त्याची रुंदी, जाडी, उतार यांचे दंडक हीच परिषद ठरवते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आपल्या नागपुरात घडला. डिसेंबर 1943 मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. ती नागपूर योजना म्हणूनच ओळखली जाते. रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, मोठे व लहान जिल्हा रस्ते आणि गावरस्ते असे वर्ग तेथे पडले. त्या योजनेतील एक उद्दिष्ट मला नेहमी आठवते. शेतीने विकसित झालेल्या भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असे ते होते. महायुद्ध चालू होते, राज्य परक्यांचे होते, तरी मोजमाप घेतले ते शेतातून मालगाडीपर्यंत नव्हे, तर गावातून रस्त्यापर्यंत. क्षेत्रफळाच्या हिशेबात दर 100 चौरस किलोमीटरला 16 किलोमीटर रस्ता हे त्या योजनेचे लक्ष्य होते. पुढे 1961 ते 1981 या योजनेत ते 32 किलोमीटर झाले आणि 1981 ते 2001 या योजनेत 82 किलोमीटर.

महाराष्ट्रापुढे तर आणखी एक काम होते. 1 मे 1960 रोजी राज्य झाले तेव्हा मराठवाडा निजामी राजवटीच्या हैदराबाद राज्यातून, विदर्भ मध्य प्रांतातून आणि बाकीचा भाग मुंबई इलाख्यातून आलेला. तीन कारभारांचे रस्ते, तीन कारभारांची दप्तरे. ती एका नकाशावर आणून 1961 ते 1981 ची राज्याची योजना झाली. त्यानंतर 1981 ते 2001 आणि 2001 ते 2021 अशा योजना झाल्या. शेवटच्या योजनेत सर्व वर्गांचे मिळून सुमारे 3 लाख 37 हजार किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट धरलेले होते. या योजनेच्या यादीत रस्ता असला तरच त्याला क्रमांक मिळतो आणि क्रमांक असला तरच त्यावर खर्च करता येतो, हे येथे लक्षात घ्यावे. रस्ता डोळ्यांसमोर आहे, त्यावरून बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, पण यादीत नाही, अशी परिस्थिती असेल तर शासनाच्या लेखी तो रस्ता नाही.

मघाच्या आजोबांचा 'दुष्काळी रस्ता' याच प्रकारातला होता. 1972 च्या दुष्काळात हजारो लोकांनी खडी फोडली, मुरूम टाकला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली रोजगार हमी योजना पुढे 1977 च्या कायद्याने पक्की झाली. त्या काळात खेड्यापाड्यांतील किती रस्त्यांचे मातीकाम झाले ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. माझी आजीही अशाच एका रस्त्यावर कामाला होती. त्यांपैकी काही रस्ते पुढे यादीत चढले, डांबरी झाले. काही तसेच राहिले आणि बाभळीखाली बुजले.

वर्ग ओळखावा कसा

आज आपल्या राज्यात वरून खाली अशी उतरंड आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. कागदावर ही नावे रा.म., प्र.रा.मा., रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा. आणि ग्रा.मा. अशी संक्षेपाने लिहिलेली दिसतील. द्रुतगती मार्ग यांहून वेगळे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने खुला होत 5 जून 2025 रोजी पूर्ण झाला. त्यांना थोरांची नावे दिलेली आहेत. पण आपल्याला रोज काम पडते ते खालच्या वर्गांशी.

रस्त्यावरून जाताना वर्ग ओळखण्याची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. आपण अजून त्याला मैलाचा दगडच म्हणतो. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. अर्थात रंग उडालेला असतो, आणि दर्जा बदलल्यावर दगड रंगवायला वर्ष-दोन वर्षे जातात. त्यामुळे दगडावर विसंबून निर्णय घेऊ नये.

क्रमांकाबाबत एक काळजी घ्यावी. राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक देशभरात एकच असतो. राज्य महामार्गाचा राज्यात एकच असतो. प्रमुख जिल्हा मार्गाचे क्रमांक मात्र प्रत्येक जिल्ह्यात पुन्हा एकपासून सुरू होतात. प्र.जि.मा. 12 आपल्याकडेही असेल आणि पुण्यातही असेल. म्हणून अर्जात जिल्ह्याचे नाव लिहिलेच पाहिजे. ग्रामीण मार्ग असेल तर तालुकाही लिहावा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत, जी डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली, रस्त्यांना टी किंवा एल या अक्षराने सुरू होणारे आणखी वेगळे क्रमांक आहेत. टी म्हणजे अनेक गावांची वाहतूक गोळा करणारा सलग मार्ग, एल म्हणजे एखाद्या वस्तीला जोडणारा फाटा. एकाच रस्त्याचे दोन क्रमांक दिसले तर गोंधळून जाऊ नये.

राष्ट्रीय महामार्गांचा नवा हिशेब

राष्ट्रीय महामार्गांचे जुने क्रमांक आपल्या तोंडी बसलेले आहेत. आग्रा रस्ता म्हणजे तीन नंबर, पुणे-बंगलोर चार नंबर, धुळे-नागपूर सहा नंबर. या क्रमांकांवरून रस्ता देशाच्या कोणत्या भागात आहे याचा काही बोध होत नव्हता. नवा रस्ता घोषित झाला की पुढचा आकडा लागायचा, म्हणून सोलापूर-धुळे 211 आणि कल्याण-निर्मल 222. 2010 साली केंद्र शासनाने ही सगळी पद्धत बदलली. आता पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य मार्गांना विषम आकडे आहेत आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. दक्षिणोत्तर मार्गांना सम आकडे आहेत आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात.

हे ऐकायला अवघड वाटते, पण आपल्या राज्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर चटकन समजते. आडवे रस्ते पाहा. सर्वांत वर धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा जाणारा 53. त्याच्या खाली कल्याण, माळशेज घाट, अहिल्यानगर, पाथर्डी, परभणी, नांदेड असा तेलंगणातील निर्मलला जाणारा 61. आणि त्याच्याही खाली पुणे, सोलापूर, हैदराबाद असा जाणारा 65. आता उभे रस्ते पाहा. पूर्वेला नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा मार्गे श्रीनगर-कन्याकुमारी जोडणारा 44. मग धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर असा 52. मग धुळे, नाशिक, संगमनेर, पुणे असा 60. आणि सर्वांत पश्चिमेला पनवेलपासून कोकणातून खाली उतरणारा 66. एक 48 क्रमांक तेवढा या रांगेत बसत नाही, कारण तो दिल्लीहून मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू करत चेन्नईला जातो. एवढ्या तिरक्या रस्त्याला कोणत्या रांगेत बसवणार? तेव्हा आपला कोल्हापूरचा चार नंबर आता 48 झाला आहे, सहा नंबर 53 झाला आहे, सोलापूर रस्त्याचा नऊ नंबर 65, कोकणाचा सतरा नंबर 66 आणि पुणे-नाशिकचा पन्नास नंबर 60.

तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटे. शेवटचे दोन आकडे मुख्य रस्त्याचे आणि पहिला आकडा फाट्याचा. 166 म्हणजे 66 चा पहिला फाटा, जो रत्नागिरीहून कोल्हापूर, सांगलीवरून सोलापूरला येतो. 361 म्हणजे 61 चा तिसरा फाटा, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा. त्यापुढे अक्षर असेल तर तो फाट्याचा उपफाटा, जसे तळेगाव-चाकण-शिक्रापूर 548-डी. 2014 नंतर आपल्याकडील बरेच राज्य महामार्ग अशा तीन आकडी क्रमांकांनी राष्ट्रीय महामार्ग झाले. डाळिंबवाल्या शेतकऱ्याचा रस्ता त्यांपैकीच एक.

आपल्या जुन्या खरेदीखतात, वाटणीपत्रात चतुःसीमा लिहिताना 'पूर्वेस राष्ट्रीय महामार्ग क्र. 6' किंवा 'राज्य महामार्ग' असे लिहिलेले असेल. ते दस्त रद्द होत नाहीत, बदलून घ्यावेही लागत नाहीत. फक्त नव्या कागदाशी जुळवताना दोन्ही क्रमांक लिहावेत.

क्रमांकावर काय काय अवलंबून आहे

पहिली गोष्ट दुरुस्तीची. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. एका गावाने खड्ड्यांबद्दल ग्रामसभेचे तीन ठराव एका कार्यालयाकडे पाठवले. तीनही ठरावांना पोच मिळाली, उत्तर आले नाही. रस्ता मुळात त्या कार्यालयाचा नव्हताच. ठराव योग्य ठिकाणी पाठवा एवढे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि गावानेही क्रमांक पाहिला नाही. चूक दोन्हीकडची. पण दोन पावसाळे गेले ते गावाचे.

दुसरी गोष्ट रुंदीची. भारतीय रस्ते परिषदेच्या दंडकाप्रमाणे सपाट, मोकळ्या भागात राष्ट्रीय व राज्य महामार्गासाठी साधारण 45 मीटर, प्रमुख जिल्हा मार्गासाठी 25 मीटर, इतर जिल्हा मार्गासाठी 15 मीटर आणि ग्रामीण मार्गासाठी 12 मीटर जागेची रुंदी धरलेली आहे. म्हणजे तुमच्या शेतालगतचा ग्रामीण मार्ग दर्जोन्नत होऊन प्रमुख जिल्हा मार्ग झाला, तर अपेक्षित रुंदी दुपटीहून जास्त होते. येथे एक गैरसमज दूर करतो. कागदावर दर्जा वाढला म्हणून तुमची जमीन आपोआप शासनाची होत नाही. त्यासाठी रीतसर भूसंपादन तरी व्हावे लागते किंवा तुमची संमती तरी घ्यावी लागते. 'रस्ता आता मोठ्या वर्गात गेला, कुंपण मागे घ्या' असे कोणी तोंडी सांगितले तर लेखी मागावे.

तिसरी गोष्ट बांधकामाची. याच दंडकानुसार मोकळ्या भागात महामार्गाच्या मध्यरेषेपासून 40 मीटरच्या आत इमारत बांधता येत नाही आणि 75 मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण असते. प्रमुख जिल्हा मार्गासाठी हेच आकडे 25 आणि 50 मीटर असे आहेत. अंतर मोजायचे ते रस्त्याच्या मधोमध पासून, डांबराच्या कडेपासून नव्हे. कांदाचाळ, गोठा, कुक्कुटपालनाची शेड, ठिबकचे पंपघर बांधण्यापूर्वी संबंधित उपविभागीय कार्यालयातून आपल्या रस्त्याची इमारत रेषा लेखी विचारून घ्यावी. कर्ज काढून उभारलेली चाळ पाडावी लागली तर तिचे दुःख कांद्याच्या भावापेक्षा मोठे असते.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेतली जाते ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 खाली. त्याच्या कलम 3-ए ची अधिसूचना राजपत्रात येते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापला जातो, त्यांपैकी एक आपल्या भाषेतील असते. राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते, कारणांसह. 21 दिवस म्हणजे पेरणीपासून पहिल्या कोळपणीइतकेच. राज्यातील रस्त्यासाठी 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली असेल तर हरकतीला 60 दिवस मिळतात. राज्याचा स्वतःचा 1955 चा महामार्ग कायदाही आहे. म्हणून अधिसूचना हाती आली की तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. माथ्यावर कायदा कोणता, रस्त्याचा क्रमांक कोणता आणि खालच्या तक्त्यात आपल्या गावाचा गट नंबर आहे की नाही. गट नंबर असेल तर त्याच दिवशी सातबारा काढावा. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडे यांची नोंद त्यावर नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करावा आणि संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहावे. फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभागाकडून होते. तेव्हा लागवडीचे वर्ष दाखवणारी रोपांची पावती, अनुदानाचा कागद, ठिबकचे बिल जपून ठेवावे. डाळिंबाच्या शेतकऱ्याकडे रोपांची पावती होती, पण ती सापडली दीड वर्षानंतर, जुन्या ट्रंकेत.

यादीबाहेरचे रस्ते

आता शेताच्या वाटेचे बोलू. आपल्यापैकी निम्म्या लोकांचे खरे दुखणे महामार्गाचे नाही, पाणंदीचे आहे. ऊस फडात उभा आहे, टोळी आलेली आहे, आणि शेजाऱ्याने वाट नांगरून टाकलेली आहे. माल बाजारात नेण्याचा खर्च वाढतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर.

या वाटांची नोंद दोन ठिकाणी मिळते. एक गाव नकाशात. नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला तो गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. दुसरी नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 23 मध्ये, ती ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. ही वही किती गावांत अद्ययावत असते ते न बोललेले बरे. पण पाणंदीचे काम मंजूर करून घ्यायचे असेल तर प्रथम तीच विचारली जाते. म्हणून येत्या ग्रामसभेत ती वही मागून पाहा.

अस्तित्वात असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्हींचे अर्ज वेगळे, कारणे वेगळी. मोडलेल्या वाटेसाठी 143 चा अर्ज केला आणि सहा महिने निघून गेले, असे प्रकार पाहण्यात आहेत. 2025 साली महसूल विभागाने शेतरस्ता शक्यतो 3 ते 4 मीटर रुंदीचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी, असे ठरवले. ही नोंद ज्याच्या शेतातून रस्ता जातो त्याला नकोशी वाटते हे मला ठाऊक आहे. पण तोडगा भावाभावांत तोंडी झाला असेल तर पुढच्या पिढीत तोच वाद पुन्हा उभा राहतो. तोडगा झाला त्या दिवशीच तो कागदावर आणि सातबाऱ्यावर घ्यावा.

एक गोष्ट माझ्या विषयातली सांगतो. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचा जो प्रकार आहे, तो पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला की आकसतो. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते यामुळेच. हीच माती रस्त्याखाली असते. रस्त्याच्या कडेच्या चरात पाणी साचले की ती कडेने फुगते, मध्ये तशीच राहते, आणि डांबर लांबीच्या दिशेने फाटते. वर्षभराच्या आत रस्ता उखडला की आपण ठेकेदाराला नावे ठेवतो. बऱ्याचदा ती योग्यही असतात. पण कडेचा चर नांगरून शेतात घेणे, मोरीच्या तोंडाशी बांध घालणे आणि पाटाचे पाणी रात्री रस्त्यावर सोडून देणे ही कामे ठेकेदार करत नाही. ग्रामीण मार्गावरील डांबराची पट्टी 3 ते 3.75 मीटर रुंदीची, खालची जाडी हलक्या वाहतुकीसाठी धरलेली. त्यावरून दोन ट्रॉल्या उसाने भरून नेल्या की रस्त्याचे आयुष्य फार झपाट्याने सरते. चाकांच्या आसावरील भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट न होता साधारण सोळापट होते, असे रस्त्यांवरील प्रयोगांतून दिसलेले आहे. कारखान्याकडे जाणारा ग्रामीण मार्ग वरच्या वर्गात घ्यावा ही मागणी म्हणूनच रास्त आहे, आणि ती करताना पुन्हा क्रमांक लागतो. कोठून कोठपर्यंत, किती किलोमीटर, कोणता क्रमांक, हंगामात रोज किती वाहने, एवढे ठरावात असले की तो ठराव वाचला जातो.

मांडवाच्या डाव्या बाजूला बियाण्याच्या दालनाशेजारी आपल्या तालुक्याचा रस्ते नकाशा लावलेला आहे. जेवणाच्या सुट्टीत आपापल्या गावाजवळचा रस्ता त्यावर शोधावा आणि वर्ग व क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. ज्यांचा रस्ता त्यावर सापडणार नाही त्यांनी नाव, गट नंबर आणि रस्ता कोठून कोठे जातो ते माझ्याकडे लिहून द्यावे. उपविभागीय कार्यालयातील अभियंता दुपारच्या सत्राला येणार आहेत, तेव्हा ती यादी आपण त्यांच्यापुढे ठेवू.